आठ इंच

डेन्व्हरला आल्यावर मी जुनी जीप घेतली. स्टेपनी मागच्या दारावर, त्यामुळे हिचला लावलेल्या रॅकवरची सायकल तिला घासायची. मग आठ इंचांचं हिच एक्स्टेन्शन मागवलं. दोन इंची चौकोनी नळी, एक पिन, पाच मिनिटांत काम झालं.

बाबांना व्हिडिओ कॉलवर कौतुकाने दाखवलं. त्यांचं आयुष्य एसटीच्या वर्कशॉपमध्ये गेलं. म्हणाले, "वजन तेवढंच रे, पण तरफ लांबली. आता किती पेलेल, वाचलंस का?"

वाचलं नव्हतं. सोबतच्या कागदावर लिहिलं होतं: एक्स्टेन्शन लावल्यास हिचची क्षमता निम्मी धरा. माझ्या हिचची 200 पौंड, म्हणजे आता 100. रॅक 50चा, दोन सायकली मिळून 60. वर खड्ड्यांतले धक्के वेगळेच.

इंजिनिअरिंगच्या पहिल्याच वर्षी मोमेंट शिकलो होतो, मार्कही चांगले होते. पण कोड चुकला तर मागे घेता येतो. हायवेवर सुटलेली सायकल मागच्या गाडीच्या काचेवर जाते.

शनिवारी एकच सायकल बांधली. मित्राला कारण सांगितलं, त्याने तिकडेच भाड्याने घेतली. निघताना बाबांना फोटो पाठवला. लगेच उत्तर आलं: "पिनेला क्लिप लावलीस ना?"

उतरून पुन्हा पाहिलं. लावली होती.