नेम सात वाजता का जायचा?

पन्नाशी गाठल्यावर मी एअर पिस्तूल शिकायला लागलो. राही सरनोबत 2018 च्या एशियाडमध्ये 25 मीटर पिस्तूलचं सुवर्ण घेऊन आली ती याच कोल्हापूरची, त्यामुळे गावात कुणाला नवल वाटलं नाही. घरी मात्र वाटलं.

सहा महिने माझे छर्रे एकाच दिशेला जात होते. मध्यापासून खाली, डावीकडे. घड्याळात सात वाजतात तिथे.

खरं सांगतो, मला नेमापेक्षा हाताची धास्ती होती. हात लांब केला की नळीच्या टोकावरची माशी थरथरायची. माझ्या वडिलांना कंपवात होता. पेपर वाचताना त्यांचा उजवा अंगठा आणि बोट तंबाखू मळावी तसं हलायचं, आणि त्यांनी आयुष्यात तंबाखू खाल्ली नव्हती. हे मी रेंजवर कुणाला बोललो नाही. गुपचूप साइटचे स्क्रू फिरवत राहिलो. चार छर्रे मध्यावर यायचे, पाचवा वर-उजवीकडे पळायचा.

आमची कोच माझ्या मुलीच्या वयाची. ती म्हणाली, "डॉक्टर, पेशंटला न तपासताच तुम्ही गोळी बदलता काय?"

मग तिने मला तपासलं. पिस्तूल प्रत्येक वेळी ती तयार करून द्यायची, पण आत छर्रा आहे की नाही ते सांगायची नाही. तिसऱ्या खेपेला छर्रा नव्हता. मी ट्रिगर दाबला आणि नळीचं तोंड माझ्या डोळ्यांदेखत खाली-डावीकडे डुचकलं. माशी मध्यावर आली रे आली की "आत्ताच!" असं वाटून मी एका बोटाऐवजी अख्खी मूठ आवळत होतो. पाचवा छर्रा, जो पळायचा, तोच मी नीट मारलेला होता! बिघडवली होती ती मीच फिरवलेली साइट.

चूक एवढीशी, पण महागात पडते. मागची खाच आणि पुढची माशी यांत साधारण एक फूट अंतर असतं. तिथे माशी एक मिलिमीटर सरकली तर 10 मीटरवर छर्रा तीन सेंटीमीटरच्या वर चुकतो. दहा गुणांचं वर्तुळ आहे 11.5 मिलिमीटरचं.

चष्म्याचाही हातभार होता. चाळिशीनंतर जवळचं धूसर होतं. नेम धरताना माशी स्पष्ट दिसायला हवी, लक्ष्य पुसट चालतं. माझ्या प्रोग्रेसिव्ह काचेतून उलटं होत होतं. डोळे तपासताना डोळ्यापासून माशीपर्यंतचं अंतर मोजून सांगा, त्या अंतराचा नंबर काढता येतो.

आता थरथरीचं. लांब धरलेला हात प्रत्येकाचाच थोडा थरथरतो. जागरण, चहा-कॉफी, काळजी, वाढलेला थायरॉईड, दम्याची काही औषधं यांनी ही थरथर वाढते. कंपवाताची थरथर बहुतेकदा हात निवांत असताना दिसते, एका बाजूने सुरू होते आणि हात कामाला लागला की कमी होते. सोबत हालचाली मंदावल्या, अक्षर बारीक होत गेलं, तर दाखवून घ्या. मीही स्वतःचं निदान स्वतः केलं नाही, न्यूरोलॉजिस्टकडे गेलो. त्यांना सध्या काही सापडलं नाही.

थरथर थांबवायला बीटा-ब्लॉकर घ्यावी का, असं काही नेमबाज विचारतात. नेमबाजीत त्यावर बंदी आहे. 2008 च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये उत्तर कोरियाच्या किम जोंग-सूची दोन पदकं प्रोप्रॅनोलॉलमुळेच गेली. पण रक्तदाबासाठी किंवा हृदयासाठी तुम्हाला ती चालू असेल, तर हे वाचून एकदम बंद करू नका, ते धोक्याचं आहे. आधी डॉक्टरांशी बोला.

सध्या रोज रात्री वीस मिनिटं पांढऱ्या भिंतीसमोर उभा राहून, छर्रा न घालता फक्त ट्रिगर दाबतो. सात वाजता जाणारे छर्रे कमी झालेत, संपलेले नाहीत. नंतर टीव्ही बघताना उजवा हात मांडीवर ठेवतो, तेव्हा बायको म्हणते, "परत हात बघत बसलात ना?"