मनातली उधारी आणि आपली तब्येत

बीपीच्या पेशंटला मी नेहमी चार प्रश्न विचारते. गोळी रोज घेता का, जेवणात मीठ किती, झोप किती तास, तंबाखू-मिश्री आहे का. गेल्या काही वर्षांत त्यात पाचवा आलाय: मनात कुणाचा राग धरून आहात का?

भवानीनगरच्या आसपासचा माणूस या प्रश्नावर खुर्चीत सरसावून बसतो. भावानं बांध कोरला. सामाईक विहिरीवर पाण्याची पाळी दिली नाही. वाटणीत खडकाळ तुकडा माथी मारला. गोष्ट वीस वर्षांपूर्वीची असते, पण तारीख-वार पाठ असतात. दंडाला पट्टा बांधलेला असेल तर बोलता बोलता आकडा वर जाताना दिसतो.

याचं कारण सोपं आहे. जुना अपमान आठवला की शरीराला तो आत्ताच होतोय असं वाटतं. अॅड्रेनॅलिन वाढतं, नाडी जलद होते, रक्तवाहिन्या आवळतात, खांदे आणि कपाळ ताठ होतं. खरं भांडण पाच मिनिटांत संपतं. आठवणीतलं भांडण रात्री दोन वाजताही सुरू करता येतं, रोज करता येतं. अमेरिकेत मिशिगनमधल्या होप कॉलेजात ७१ विद्यार्थ्यांवर झालेला एक प्रयोग २००१ साली प्रसिद्ध झाला. ज्यानं दुखावलं त्याच्याबद्दल राग धरून विचार करायला सांगितलं तेव्हा त्यांची नाडी, रक्तदाब, घाम आणि भुवयांचा ताण वाढला. त्याच माणसाला क्षमा करण्याचा विचार करताना हे सगळं कमी राहिलं. याचा अर्थ क्षमा म्हणजे बीपीची गोळी असा नाही. पण राग हा फक्त 'मनातला' नसतो, एवढं नक्की.

हे मी पुस्तकातून शिकले, आणि घरातूनही. वडील गेल्यावर मोठ्या भावानं मला हक्कसोडपत्रावर सही करायला सांगितलं. "सही केली नाहीस तर माहेर तुटलं म्हणून समज," असं दादा म्हणाला. माहेर टिकावं म्हणून मी सही केली, आणि माहेर तरीही तुटलं. माझे मिस्टर पंधरा दिवस दवाखान्यात होते, तेव्हा दादाचा साधा फोन आला नाही. जमिनीपेक्षा तो न आलेला फोन मला जास्त लागला. बहिणींना हे वेगळं सांगायला नको.

मी ख्रिस्ती कुटुंबातली. रविवारच्या उपासनेत आम्ही प्रभूची प्रार्थना एकत्र म्हणतो. मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या त्या प्रार्थनेत क्षमेसाठी मराठीत जो शब्द आहे तो 'ऋण' आहे. देवानं आपलं ऋण सोडावं, आणि आपण आपल्या ऋणकऱ्यांचं सोडावं. त्या ओळीवर माझा आवाज बंद व्हायचा. जवळजवळ दोन वर्षं मी तेवढी ओळ म्हटली नाही. शेजारी बसणाऱ्या एका मावशींच्या ते लक्षात आलं होतं. त्या एवढंच म्हणाल्या, "म्हणू नकोस गं. पण का म्हणत नाहीस, ते देवाला सांग."

मग मी त्या शब्दावर नीट विचार केला. सोसायटीचं कर्ज आणि उसाचं बिल यांत आयुष्य गेलेल्या आपल्या भागाला कर्ज सोडणं म्हणजे काय, हे समजवावं लागत नाही. कर्ज सोडायचं तर आधी कर्ज होतं हे मान्य करावं लागतं. "जाऊ दे, काही झालंच नाही" याला क्षमा म्हणत नाहीत. ती नुसती दाबादाबी, आणि दाबलेलं दुसरीकडून वर येतंच: कुणाला पित्त, कुणाला अर्धशिशी, कुणाला पोरांवर ओरडणं. क्षमेत आधी सांगावं लागतं की माझं एवढं येणं होतं, ते तू दिलं नाहीस. मग ते वसूल करायचं मी सोडते.

मी वहीत तसं लिहिलं. काय काय येणं आहे, ओळीनं. सव्वा एकर. आईच्या पाटल्या. तो फोन. रोज प्रार्थनेच्या वेळी एकच ओळ घ्यायची, आणि ती देवापुढे मोठ्यानं वाचायची. कधी रडू यायचं, कधी नुसता संताप. जमिनीची ओळ दोन-तीन महिन्यांत कापली गेली. फोनच्या ओळीला वर्ष लागलं, आणि कापल्यावरही ती दोनदा परत लिहावी लागली. पेत्रानं येशूला विचारलं होतं, भावाला किती वेळा क्षमा करायची, सात वेळा? उत्तर मिळालं, साताच्या सत्तरपट. पूर्वी मला वाटायचं, हे चारशेनव्वद वेगवेगळ्या अपराधांबद्दल असेल. आता वाटतं, एकाच अपराधाला इतक्या वेळा क्षमा करावी लागते.

आपल्याकडून फार लांब नाही, दौंड तालुक्यात केडगाव आहे. तिथल्या मुक्ती मिशनच्या पंडिता रमाबाईंचे आई, वडील आणि थोरली बहीण १८७० च्या दशकातल्या दुष्काळात गेले. १८८० मध्ये भाऊ गेला, १८८२ मध्ये पती. पुढच्या वर्षी इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला, आणि त्यावरून इकडे टीकेचा भडिमार झाला. १८९६ च्या दुष्काळात मध्य प्रांतातल्या मुली उपाशी मरताहेत हे कळल्यावर त्या स्वतः तिकडे गेल्या आणि मुलींना घेऊन आल्या. स्वतः सोसलेला दुष्काळ त्या विसरल्या नव्हत्या, त्या आठवणीनंच त्यांना तिकडे नेलं. विधवांवरच्या अन्यायाबद्दलही त्या कधी गप्प बसल्या नाहीत. म्हणून राग सोडणं म्हणजे अन्यायापुढे मान तुकवणं, असं कुणी म्हणालं की मला केडगाव आठवतं.

पेशंट विचारतात, "मग बोलायला सुरुवात करायची का?" तसं काही नाही. क्षमा एकट्याला करता येते, समेटाला दोघं लागतात. माझं आणि दादाचं आता सणाला बोलणं होतं, त्यापलीकडे नाही. पाटल्यांची ओळ तर वहीत अजून तशीच आहे. पण रात्रीची झोप परत आलीय, आणि प्रार्थनेतली ती ओळ मी म्हणते, थोडी हळू.

वही सगळ्यांनाच चालते. माझे कितीतरी पेशंट पांडुरंगापुढे बसून ती लिहितात, एक चाचा नमाजानंतर लिहितात. फक्त घरात मारहाण होत असेल तर आधी सुरक्षित जागी जा, तक्रार करा. क्षमेचा विषय नंतर, आणि 'क्षमा कर' म्हणून कुणी परत पाठवत असेल तर ऐकू नका. झोप, भूक, कामातलं लक्ष दोन आठवड्यांहून जास्त गेलं असेल किंवा जगावंसं वाटत नसेल, तर सरकारच्या टेलिमानस सेवेला १४४१६ वर कधीही मोफत फोन करा. मराठीत बोलता येतं. आणि मन हलकं झालं म्हणून बीपीची गोळी आपल्या मनानं बंद करू नका. आधी येऊन मोजून जा.