निम्मं अंतर

भाषांतर करताना मूळ मजकुरात नसलेलं काही मी घातलं, असं एकच वाक्य मला नेमकं आठवतं. ते ना कवितेतलं आहे, ना कादंबरीतलं. कुमारांसाठीच्या एका क्रीडाविषयक इंग्रजी पुस्तकात ट्रॅक सायकलिंगचं सहा पानांचं प्रकरण होतं, त्यातलं आहे.

पुस्तकाचं काम २०२१मध्ये आलं. मी तेव्हा दिल्लीत स्थिरावून पंधरा वर्षं झाली होती आणि घरात बसून मिळेल ते करत होते. फुटबॉल, टेनिस वगैरे भराभर उरकलं. ट्रॅक सायकलिंगपाशी मात्र अडकले, कारण तिथे शब्दच नव्हते. किंवा असं म्हणू, जे होते ते आधीच चार भाषांतून फिरून आलेले होते. दोघादोघांच्या जोडीनं, एकानं दुसऱ्याचा हात धरून पुढे ढकलत खेळायच्या शर्यतीला इंग्रज ‘मॅडिसन’ म्हणतात, कारण ती न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये रुजली. फ्रेंच तिलाच ‘अमेरिकेन’ म्हणतात. प्रत्येकानं शर्यतीला ती जिथून आली त्या गावाचं नाव दिलं, फक्त कुणी जवळून पाहिलं, कुणी लांबून. ‘केरिन’ जपानी, १९४८मध्ये तिथे पैजा लावण्यासाठी सुरू झालेली, पुढे एक मोटरसायकल वेग वाढवत नेते आणि मागे सायकलस्वार दबा धरून असतात. ‘रेपेशाज’ म्हणजे हरलेल्यांना पुन्हा एक संधी. फ्रेंचमध्ये शब्दशः पाण्यातून परत बाहेर काढणं. ट्रॅकच्या अगदी आतल्या कडेला फिकट निळी पट्टी असते, शर्यतीत जिच्यावरून जायचं नसतं, तिचं नाव ‘कोत द-अझूर’, फ्रान्सचा निळा समुद्रकिनारा. मी ‘निळी पट्टी’ लिहून पुढे गेले. दर काही फेऱ्यांनी शेवटचा गडी बाद करत जाणारी शर्यत मात्र संगीत खुर्चीमुळे सोपी गेली.

तर ते वाक्य. मुळात एवढंच होतं : टाइम ट्रायलमध्ये पुरुष एक किलोमीटर जातात, स्त्रिया पाचशे मीटर. वैयक्तिक परसूटमध्ये पुरुष चार किलोमीटर, स्त्रिया तीन. बस. संपादकांचा फोन आला. मुलं विचारतील हो, असं का म्हणून. दोन शब्द घाला. मी विचारलं नाही, शोधलं नाही. ‘शारीरिक क्षमतेनुसार’ असे दोन शब्द वाक्याच्या सुरुवातीला घातले आणि मजकूर पाठवून दिला. मला वाटतं, तेव्हा कुकरची शिट्टी झाली होती. पण ती सबब नव्हे.

पुस्तक आलं. २०२२च्या जूनमध्ये आई मिरजेहून आमच्याकडे राहायला आली, तेव्हा बहात्तर वर्षांची होती. ती माझं सगळं वाचते. कवितांची भाषांतरं वाचून ‘छान’ म्हणते आणि मिटवून ठेवते; हे पुस्तक मात्र चष्मा लावून, पेन्सिल घेऊन वाचत होती. त्याच आठवड्यात आशियाई ट्रॅक सायकलिंग अजिंक्यपद स्पर्धा दिल्लीत होती, १८ ते २२ जून, इंदिरा गांधी स्टेडियमच्या आवारातल्या व्हेलोड्रोममध्ये. २०१०च्या राष्ट्रकुल स्पर्धांतल्या ट्रॅक सायकलिंगच्या शर्यती तिथेच झाल्या होत्या. आमच्या घरापासून मेट्रोनं अर्धा तास. जिच्याविषयी सहा पानं लिहिली ती गोष्ट मी डोळ्यांनी कधी पाहिलीच नव्हती. आईला म्हटलं, चल.

आत गेल्यावर पहिली गोष्ट जाणवते ती उतार. २५० मीटरची लाकडी कडी, आणि वळणावर ती भिंतीसारखी उभी होते, चाळीस अंशांहून जास्त. आई म्हणाली, “अगं, ही तर कढई आहे. हे घसरत कसे नाहीत?” वेगामुळे घसरत नाहीत, हळू झाले तर घसरतील, असं मी सांगितलं. सायकलींना ब्रेक नसतात हे सांगितल्यावर तिनं माझ्याकडे जरा रागानं पाहिलं, जणू मीच काढून घेतले होते. चाकं आणि पायडल एकमेकांना बांधलेली. पाय थांबवायची सोय नाही, चाक फिरतंय तोवर पाय फिरणार. भारताच्या संघात रोनाल्डो आणि डेव्हिड बेकहम अशी नावं ऐकून तिला मौज वाटली.

मग स्प्रिंट सुरू झाली. मी तिला सांगून ठेवलं होतं की ही सगळ्यांत वेगवान शर्यत. दोघंच जण ट्रॅकवर. शिट्टी वाजली आणि दोघं चालण्याच्या वेगानं निघाले. एक पुढे, मान मागे वळवून. दुसरा वरच्या बाजूला, त्याच्या पाठीवर डोळे लावून. पुढे असणाऱ्याला वारा कापावा लागतो, मागच्याला त्याच्या आडोशाचा फायदा मिळतो, म्हणून पुढे जायला कुणी तयार नाही. पुढचा उतारावरच थांबला. पाय टेकवले नाहीत. हँडल किंचित वाकडं करून, इंच इंच पुढेमागे करत, जागच्या जागी उभा. असं तीस सेकंदांपर्यंत चालतं, त्याहून जास्त नाही.

“ही तर स्लो सायकलिंग,” आई म्हणाली. इतक्या मोठ्यानं की पुढच्या रांगेतल्या दोघांनी वळून पाहिलं.

महाराष्ट्रात शाळेत गेलेल्याला हे समजावून सांगायला नको. पण हा अंक बंगळुरू-कोलकात्यातही वाचला जातो म्हणून लिहिते : गॅदरिंगच्या दिवशी चुन्यानं पट्टे आखतात, सगळ्यात शेवटी पोचेल तो जिंकतो, पाय टेकला की बाद. आईनं ती शर्यत जिंकली होती हे मला ठाऊक होतं. बक्षिसाची स्टीलची वाटी अजून मिरजेच्या स्वयंपाकघरात आहे, तिच्यात मेथ्या असतात. मला ठाऊक नव्हतं ते असं, की त्या शाळेत वेगाची शर्यत फक्त मुलांना असे, मैदानाला चार फेऱ्या. मुलींना स्लो सायकलिंग आणि लिंबू-चमचा.

“तुला जोरात पळवायची नव्हती का?”

“विचारलं कुणी?” ती म्हणाली. ट्रॅकवर तोवर शेवटच्या फेरीची घंटा झाली होती आणि दोघं वरून खाली अक्षरशः कोसळले, म्हणून ती पुढे काही बोलली नाही.

तिची सायकल लग्नात तिच्या धाकट्या भावाला मिळाली. लेडीज सायकल, तरी मामानं चार वर्षं चालवली. हे मी लहानपणापासून गमतीची गोष्ट म्हणून ऐकत आले आहे. मामाच ती रंगवून सांगायचा आणि आई हसायची.

आम्ही दोन दिवस गेलो. पुरुषांच्या एक किलोमीटरमध्ये मणिपूरच्या रोनाल्डो सिंगला कांस्य मिळालं होतं. शेवटच्या दिवशी स्प्रिंटच्या अंतिम फेरीत तो जपानच्या केंतो यामासाकीकडून हरला. तरी वरिष्ठ गटात भारतीय सायकलपटूला आशियाई पातळीवर रौप्य पहिल्यांदाच मिळत होतं, आणि सगळे उभे होते. आईही उभी होती. पण तिचं मन कुठे होतं ते मला परतताना मेट्रोत कळलं. तिनं पिशवीतून पुस्तक काढलं. त्या वाक्याखाली पेन्सिलीची रेघ होती.

“बायकांना दोन फेऱ्या, पुरुषांना चार. इथे तू लिहिलंयस, शारीरिक क्षमतेनुसार. हे कुणी मोजलं?”

मी म्हणाले, मुळात नव्हतं, मी घातलं. ती म्हणाली, “मग तुला कुणी सांगितलं?”

कुणीच नाही. तुलनात्मक साहित्यात एम. ए. करताना आम्ही अनुवादकाच्या सत्तेवर शोधनिबंध वाचले होते, अनुवादक मजकुरात काय काय लपवतो यावर मी स्वतः वीस पानं लिहिली होती. आणि इथे पहिल्याच फोनसरशी मी जे लिहिलं ते मला कुणी शिकवलं नव्हतं, ते माझ्यात होतंच. मला लाज वाटली ती चुकीच्या माहितीची नाही. ते शब्द सुचायला मला एक क्षणही लागला नव्हता, याची.

नंतर मी शोधलं. जागतिक स्पर्धा १८९३पासून आहे. स्त्रियांना तिच्यात जागा मिळाली १९५८मध्ये, पॅरिसला, स्प्रिंट आणि परसूट. ऑलिंपिकमध्ये स्त्रियांची स्प्रिंट १९८८ला आली. सांघिक परसूटमध्ये आधी तिघी आणि तीन किलोमीटर. रिओला, २०१६मध्ये, चौघी आणि चार किलोमीटर, पुरुषांइतकंच. टोकियोच्या सांघिक स्प्रिंटमध्ये दोघी, पॅरिसच्या तिघी. क्षमता चार-चार वर्षांनी टप्प्याटप्प्यानं वाढत गेली असं मानायचं असेल तर प्रश्नच मिटला.

आणि मग २०२५पासून आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेनं वरिष्ठ गटातल्या स्त्रियांची टाइम ट्रायल एक किलोमीटर केली, परसूट चार. ही बातमी मी दोनदा वाचली. त्याच वर्षी प्रकाशनाकडून निरोप आला, पुस्तकाचं पुनर्मुद्रण निघतंय, काही दुरुस्त्या? मी म्हटलं, आहे एक. संपादक आता दुसरे होते. त्यांची अडचण साधी होती : पान मांडून झालंय, ओळ सरकता कामा नये, जेवढं काढाल तेवढंच घाला. ‘शारीरिक क्षमतेनुसार’ या दोन शब्दांच्या जागेत काय बसतं हे बघत मी एक दुपार काढली. शेवटी तिथे ‘२०२४ अखेरपर्यंत’ असं लिहिलं आणि क्रियापदं भूतकाळात नेली. दोन अक्षरांची जागा उरली, ती त्यांनी कशीतरी पसरून घेतली.

आईला फोन केला. आता तिला कमी ऐकू येतं, तीनदा सांगावं लागलं.

“चार फेऱ्या?” तिनं विचारलं.

“चार.”

“बरं.” मग थोडं थांबून, “मामाला सांग. त्याला वाटतं मी हे सगळं उगाच बोलते.”

जुनी प्रत तिच्याकडेच आहे, पेन्सिलीच्या रेघेसकट. नवी पाठवू का विचारलं तर म्हणाली, कशाला, हीच वाचून होते.