शेवटची कधी घेतली?

एमएसडब्ल्यू पूर्ण करून व्यसनमुक्ती केंद्रात समुपदेशक म्हणून रुजू झाले, तेव्हा माझं भांडवल एवढंच होतं: माणसांशी बोलायला आवडतं आणि दारूनं धुळीला मिळालेली घरं गावात लहानपणापासून पाहिलेली. ‘तू समजावून छान सांगतेस, तुला जमेल,’ असं घरचे म्हणाले. केंद्रानं पुण्यातल्या निवासी कार्यशाळेला पाठवलं आणि पहिल्याच दिवशी मला कळेना, की आपण इथं समुपदेशन शिकायला आलोय, वैद्यक शिकायला आलोय की कायदा.

हॉलमध्ये सगळ्या तऱ्हेची माणसं होती. माझ्यासारख्या नवख्या मुली, सरकारी दवाखान्यातल्या सिस्टर आणि ब्रदर, आणि स्वतः व्यसनातून बाहेर पडून आता इतरांसाठी काम करणारे काही जण. शेजारी बसलेले काका त्यांच्यापैकीच. डिटॉक्स, विड्रॉल, क्रेव्हिंग, स्लिप हे शब्द त्यांच्या तोंडी रोजच्या बोलण्यातले. मी वहीच्या समासात प्रत्येकाचा अर्थ लिहून घेत होते.

सरांनी पहिला प्रश्न टाकला, ‘पेशंट येऊन समोर बसला. तुम्ही आधी काय विचारणार?’ कुणी म्हणालं, नाव. कुणी म्हणालं, घरी कोण कोण असतं. मी म्हणाले, का पिता? सरांनी फळ्यावर लिहिलं: ‘शेवटची कधी घेतली?’

समुपदेशनाचा पहिला प्रश्न घड्याळाचा असेल, असं कुणाच्याच ध्यानीमनी नव्हतं. कारण ऐकलं तेव्हा मात्र अंगावर काटा आला. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याच्या मेंदूला दारूच्या गुंगीची सवय झालेली असते. ती एकदम तोडली की मेंदू उसळतो. हात कापतात, घाम सुटतो, झोप उडते. पहिल्या सहा ते अठ्ठेचाळीस तासांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काहींना भ्रम होतो: भिंतीवर किडे दिसतात, घरची माणसं ओळखू येत नाहीत, ताप चढतो. उपचार मिळाले नाहीत तर यात माणूस दगावू शकतो. शरीरातलं बी-१ जीवनसत्त्व आटलेलं असतं, ते भरून न काढता नुसतं ग्लुकोज चढवलं तर मेंदूला इजा होण्याचा धोका. सलाईन लावणं आमचं काम नाही, पण धोका ओळखून पेशंटला वेळेत डॉक्टरांकडे पोचवणं हे आमचंच काम.

आमच्या भागात पंढरीची माळ घालून एका रात्रीत दारू सोडणारी माणसं आहेत. त्या श्रद्धेचं बळ मी पाहिलंय आणि मला तिच्याबद्दल आदर आहे. पण आता माझ्यासमोर असा कुणी आला, तर मी त्याला सांगेन, माळ जरूर घाला, त्याआधी डॉक्टरांना दाखवा.

गर्दचं गणित निराळं. ही ब्राउन शुगर सोडताना यातना भयंकर होतात, पण निव्वळ त्या त्रासानं जीव जाणं विरळा. खरा धोका नंतर असतो. काही आठवडे बंद राहिलं की शरीराची सहनशक्ती उतरते. घरी गेल्यावर मोह होऊन पूर्वीइतकीच मात्रा घेतली, तर श्वास थांबू शकतो. डिस्चार्जच्या दिवशी पेशंटला आणि घरच्यांना हे सांगितल्याशिवाय सोडायचं नाही. मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र १९८६ साली पुण्यात सुरू झालं ते या गर्दच्याच लाटेत. डॉ. अनिल अवचटांनी तिच्यावर लेखमाला लिहिली, पु. ल. आणि सुनीताबाईंनी मदतीचा हात दिला आणि डॉ. अनिता अवचटांनी केंद्र उभं केलं. हा इतिहास मला वाचून ठाऊक होता. त्यामागे केवढं शास्त्र शिकून घ्यावं लागलं असेल, याचा अंदाज त्या हॉलमध्ये बसल्यावर आला.

दुपारच्या सत्रात मॅडमनी टेबलावर क्वार्टरची रिकामी बाटली आणि मापाचा पेला ठेवला. ‘थोडीशी घेतो’ म्हणजे किती, हे मोजायला शिकायचं होतं. तीस मिलिलिटर व्हिस्की किंवा रम म्हणजे साधारण दहा ग्रॅम शुद्ध अल्कोहोल, म्हणजे एक युनिट. १८० मिलिलिटरच्या क्वार्टरमध्ये अशी सहा युनिटं. बाटलीत पाणी भरून मॅडमनी ते मापानं सहा वेळा ओतून दाखवलं. मग जागतिक आरोग्य संघटनेची दहा प्रश्नांची ‘ऑडिट’ प्रश्नावली भरायला दिली. शून्य ते चाळीस गुण, आठ किंवा त्याहून जास्त आले तर पिणं धोक्याच्या वळणावर आहे असं समजायचं. ‘बेवडा’ आणि ‘सभ्य माणूस’ अशा दोनच खणांत गाव माणसं टाकतं. इथं मधल्या सगळ्या पायऱ्या दिसत होत्या.

एवढं होईतो माझ्या मनात एक पेच पक्का झाला होता. सकाळी सांगितलं, व्यसन हा आजार आहे, पेशंटला दोष देऊ नका. दुपारी सांगितलं, सोडायचं की नाही हे पेशंटनंच ठरवायचं. आजारी माणसावर निर्णय सोपवायचा कसा? आणि तो त्याचाच असेल, तर आम्ही कशाला?

याचं उत्तर रोल प्लेमध्ये मिळालं. मला पेशंटची चिठ्ठी आली: वय ४२, टेम्पोचालक, रोज एक ते दोन क्वार्टर, बायको घेऊन आली आहे. समोर समुपदेशक म्हणून नंदुरबारकडचे एक ब्रदर. अगदी पोटतिडकीनं ते म्हणाले, ‘भाऊ, पोरं मोठी होतायत. त्यांच्या तोंडाकडं तरी बघा.’

मी म्हणाले, ‘पोरांना काय कमी केलंय मी? फी वेळेवर जाते.’

‘पण लिव्हर खराब होईल ना.’

‘आमचा बाप सत्तरीपर्यंत प्यायला. काही झालं नाही त्याला.’

मी आयुष्यात दारूच्या थेंबाला शिवलेली नाही, आणि तरी त्या खुर्चीत बसून तावातावानं भांडत होते. त्यांच्या प्रत्येक मुद्द्याला माझ्याकडे उत्तर तयार होतं. सरांनी मध्येच थांबवलं आणि सगळ्यांना विचारलं, ‘दारूची वकिली आता कोण करतंय? आणि ती करायला तिला भाग कुणी पाडलं?’

दुसऱ्यांदा ब्रदरनी सल्ला द्यायचा नाही, असं ठरलं. ते म्हणाले, ‘मंडळींनी आणलं म्हणून आलात. तुमच्या मनात नव्हतं.’

‘नव्हतं. म्हणजे अगदी तसंही नाही. परवा घाटात डुलकी लागली.’

‘घाटात डुलकी लागली.’ एवढंच म्हणून ते थांबले.

‘शेजारी क्लीनर झोपला होता. माझ्या पोराच्या वयाचा आहे तो. त्याला काही झालं असतं तर, हे डोक्यातून जात नाही.’

चिठ्ठीत घाट नव्हता, क्लीनरही नव्हता. समोरच्यानं जागा मोकळी सोडली म्हणून ते माझ्या तोंडून आपसूक आलं. पिणाऱ्याच्या मनात ‘सोडावी’ आणि ‘राहू दे’ ही दोन्ही टोकं एकाच वेळी असतात. आपण एक टोक ओढलं की तो दुसरं धरून बसतो. आपण ओढायचं थांबलो, तर सोडण्याची कारणं तो स्वतः बोलू लागतो आणि स्वतःच्या तोंडून निघालेल्या कारणांनाच पुढे बळ येतं. आजार त्यानं निवडलेला नाही, पण बाहेर पडण्याचं कारण त्याचं स्वतःचं असावं लागतं. ते सापडेपर्यंत त्याच्या जोडीनं शोधत राहणं हे आमचं काम. माझा पेच तिथं सुटला.

ही पद्धत अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर यांनी १९८३ साली मांडली. तिचा जन्मही अशाच रोल प्लेमधला. नॉर्वेत मुक्कामी असताना तिथले तरुण मानसशास्त्रज्ञ त्यांना पेशंटशी बोलून दाखवायला सांगत आणि मध्येच अडवून विचारत: हाच प्रश्न का, हेच वाक्य का? उत्तरं देता देता त्यांच्या हातच्या कौशल्याचे नियम तयार झाले. हे ऐकून मला फार धीर आला, कारण नियम असलेली गोष्ट शिकता येते.

कुटुंबाच्या सत्रात एक प्रश्न हटकून आला: ‘नकळत दारू सोडवा’ अशा जाहिरातींतली पावडर भाजीतून दिली तर? मॅडम एरवी मृदू बोलायच्या, इथं त्यांचा आवाज चढला. डायसल्फिराम हे औषध घेतलेलं असताना दारू पोटात गेली तर रक्तदाब कोसळण्यापर्यंत वेळ येऊ शकते. ते पेशंटच्या पूर्ण माहितीनं, संमतीनं आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यायचं. साखळीनं बांधून ठेवण्याची ‘ट्रीटमेंट’ही आपल्याकडे ऐकू येते. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यानं साखळदंडाला साफ मनाई केली आहे, आणि दारू व अमली पदार्थांतून उद्भवणारे मनोविकार त्या कायद्याच्या कक्षेत येतात. कायदा कशाला शिकवतायत, हे मला तेव्हा उमगलं.

शेवटच्या दिवशी गोव्यातल्या एका प्रयोगाची ओळख झाली. ‘संगाथ’ संस्थेनं मानसोपचाराचं कुठलंही शिक्षण नसलेल्या साध्या स्थानिक लोकांना प्रशिक्षण देऊन दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत बसवलं. अपायकारक प्रमाणात पिणाऱ्या ३७७ पुरुषांपैकी निम्म्यांना या समुपदेशकांनी जास्तीत जास्त चार बैठका दिल्या, उरलेल्यांना नेहमीचे उपचार मिळाले. तीन महिन्यांनी विचारलं, गेले चौदा दिवस अजिबात प्यायला नाहीत असे किती? समुपदेशन मिळालेल्यांत ४२ टक्के, इतरांत १८ टक्के. २०१७ साली ‘लॅन्सेट’नं हे निष्कर्ष छापले. त्या समुपदेशकांचं शिक्षण कार्यशाळेपाशी संपलं नव्हतं. बैठकांचं ध्वनिमुद्रण एकत्र बसून ऐकायचं, एकमेकांना गुण द्यायचे, सुधारायचं, हे चालूच राहिलं.

याची गरज किती, ते २०१९च्या राष्ट्रीय पाहणीत दिसतं: दारूच्या आहारी गेलेल्या दर ३८ माणसांपैकी जेमतेम एकाला कसलेतरी उपचार मिळाल्याचं आढळलं. बाकीचे ३७ आपल्याच गल्लीत, आपल्याच नात्यात आहेत. त्यांना पुरतील एवढे मानसोपचारतज्ज्ञ उद्या उगवणार नाहीत. पण आशाताई, सिस्टर, शिक्षक, व्यसनातून सावरलेले काका यांना हे कसब शिकवता येतं. म्हणून अशा कार्यशाळा पुण्या-मुंबईपुरत्या न राहता तालुक्याच्या ठिकाणी व्हाव्यात आणि शिकून गेलेल्यांना वर्षभर कुणीतरी विचारणारं असावं, असं मला कळकळीनं वाटतं. आमच्या भागातल्या आम्ही काही जणांनी महिन्यातून एकदा भेटायचं ठरवलंय: अडलेल्या केसेस पेशंटचं नाव न घेता मांडायच्या, रोल प्ले करायचा, एकमेकांना टोकायचं. तालुक्यातल्या कुणालाही यायचं असेल, तर दार उघडं आहे.