सिस्टरांची वही

मैत्रिणींनो, आपण बायका हॉस्पिटलात जातो त्या बहुतेक वेळा दुसऱ्या कुणासाठी तरी. नणंदेच्या बाळंतपणाला, सासऱ्यांच्या मोतीबिंदूला, डबा घेऊन नाहीतर रात्रीच्या सोबतीला. स्वतःच खाटेवर आडवं व्हायची वेळ आली, की जीव नुसता कासावीस होतो. दुखण्यानं नव्हे हो, रिकामपणानं! गर्भाशयाच्या ऑपरेशनसाठी मी आठ दिवस हॉस्पिटलात होते. हातांना काम नव्हतं, ते डोळ्यांना दिलं.

आणि काय दिसलं सांगू? आपलंच घर! पहाटे साडेपाचला दिवे लागायचे. थर्मामीटर घेऊन सिस्टर फिरायच्या, मागोमाग आयामावशी फिनेलच्या पाण्यानं फरशी पुसायच्या. कुणाचं सलाईन संपत आलंय, कुणी जेवणाला हात लावला नाही, कुणाची चादर बदलायचीय... सगळी आपल्या ओळखीची कामं. समोरच्या खाटेवरच्या आजी कुणाचं म्हणून ऐकत नसत. पण मावशींनी "आजी, माझ्यासाठी दोनच घास" म्हटलं, की मुकाट्यानं तोंड उघडत.

एक गोष्ट मात्र तिथं होती, जी आपल्या घरात नसते. ड्यूटी बदलताना जाणारी सिस्टर येणारीला घेऊन खाटेखाटेपाशी जायची. हातात वही. "सहा नंबरला रात्री ताप होता, दोन वाजता गोळी दिलीय. नऊ नंबरला उद्यापर्यंत तोंडानं काही द्यायचं नाही." एवढं सांगून झालं, की पर्स उचलून ती खुशाल घरी जायची. मागून तिला कुणी हाक मारत नसे.

आणि माझा मोबाइल? "अगं, मोहरी कुठल्या डब्यात?" "आईची बीपीची गोळी जेवणाआधी की नंतर?" पोटाला टाके, पण संसार खाटेवरून चालूच! बाईच्या डोक्यात सगळं घर असतं. कागदावर एक ओळ नसते.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचं नाव आपण सगळ्यांनी शाळेत ऐकलेलं असतं. त्यांच्या वाढदिवशी, 12 मे रोजी, परिचारिका दिन पाळतात. 1859 मध्ये त्यांनी 'नोट्स ऑन नर्सिंग' नावाचं पुस्तक लिहिलं, ते शिकलेल्या नर्सेससाठी नव्हे. घरात आजाऱ्याचं करणाऱ्या साध्या बायकांसाठी. त्यात एक अख्खं प्रकरण याच गोष्टीवर आहे: आपण असताना जे नीट होतं, ते आपण नसतानाही कसं व्हावं? म्हणजे सिस्टरांची ती वही मुळात तुमच्या-माझ्यासाठीच की!

घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं, सहा आठवडे जड उचलायचं नाही. बादली नाही, कळशी नाही. मी लेकीला एक शंभर पानी वही आणायला लावली आणि सांगत गेले. सासूबाईंच्या गोळ्या, वेळेसकट. नळाला पाणी कधी येतं. दुधाचा हिशेब. गॅसचा नंबर कुठे लावायचा. विरजण किती घालायचं. डाळ-तांदळाचं माप. वही स्वयंपाकघरात खिळ्याला टांगली.

सगळं छान झालं असं नाही. आमटी खारट झाली, दही दोनदा लागलंच नाही. पण सहा आठवडे मी कळशी उचलली नाही, हे खरं. दुसऱ्या आठवड्यात घर आपोआप चालायला लागलं, तेव्हा मनाला जरा टोचलंदेखील. आपल्यावाचून अडत नाही म्हणजे आपण नकोशा झालो की काय! पण सांगा बरं, ड्यूटी संपवून सिस्टर घरी गेली म्हणून वॉर्डात तिची किंमत कमी होते का?

आयामावशींना मी हे विचारलं होतं. त्या हसून म्हणाल्या, "ताई, इथली ड्यूटी सुटली की घरची लागते. तिथं कुठली वही?"

तेव्हा आजारी पडायची वाट बघू नका. येत्या रविवारी दुपारी वही घ्या, नवऱ्याला आणि मुलांना जवळ बसवा आणि लिहायला लावा. हो, त्यांच्याच अक्षरात. आपण लिहिलेलं ते वाचतील न वाचतील. स्वतः लिहिलेलं विसरायचे नाहीत.