एकच धोंडो हलव!

मुलांनो, तुमच्यापैकी किती जणांनी मोटार चालवली आहे? राहू द्या, हात वर करू नका. तुमचं अजून वय झालेलं नाही, आणि शेजारी आईबाबा बसलेत!

पण माझा भाचा यंदा मे महिन्याच्या सुट्टीत कोल्हापूरहून आमच्या मालवणला आला, तो चक्क स्टिअरिंग घेऊन. गोणपाटात गुंडाळलेलं! एस.टी.तून उतरला तेव्हा मला वाटलं, ताईने गुळाची ढेप पाठवली. घरात शिरल्या शिरल्या त्याने ते पडवीतल्या टेबलाला स्क्रूने आवळलं, पायाशी ब्रेक आणि ॲक्सिलरेटर मांडले, ते मागे सरकू नयेत म्हणून आजीचा पाटा भिंतीला टेकवला, आणि लॅपटॉप उघडला. झाली गाडी तयार.

हा मोबाईलवरच्या गाड्यांसारखा खेळ नव्हे बरं का. याला सिम रेसिंग म्हणतात. गाडीच्या चारही टायरांवर किती भार आहे, टायर किती तापलाय, हवा किती दाबतेय, हे सगळं संगणक क्षणाक्षणाला मोजत असतो. 2011 साली जान मार्डेनबरो नावाच्या ब्रिटिश तरुणाने ‘ग्रान तुरिस्मो’ खेळातून स्पर्धा जिंकली आणि 2013 साली तो खऱ्याखुऱ्या ल मां शर्यतीत आपल्या गटात तिसरा आला! भाच्याचा आदर्श मात्र घरचाच. कोल्हापूरच्याच कृष्णराज महाडिकने 2018 साली ब्रिटिश फॉर्म्युला थ्रीमध्ये गाडी पळवली, हे त्याने मला दिवसातून दोनदा ऐकवलं.

तर रविवारी रात्री त्याची मित्रांबरोबर इंटरनेटवर शर्यत होती, बुद्ध सर्किटवर. हे सर्किट दिल्लीजवळ ग्रेटर नोएडाला आहे, लांबी 5.125 किलोमीटर, वळणं 16. 2011 ते 2013 अशी तीन वर्षं तिथे फॉर्म्युला वनची शर्यत झाली. पहिल्या वर्षी आपला नारायण कार्तिकेयनही तिथे धावला होता.

आणि आमचा भाचा? दर फेरीत गर्रकन फिरून उलटा तोंड करून उभा!

“मामा, गाडी मागनं फिरत्या बघ. गाडीच खराब आहे,” तो म्हणाला. मित्रांनी त्याचं नाव ‘भोवरा’ ठेवलं होतं. ते त्याने मला दोन दिवसांनी सांगितलं, तेही हळूच. शुक्रवारी तर त्याने स्टिअरिंग परत गोणपाटात बांधलं. जेवलाही नाही धड.

या खेळात गाडीची जुळणी बदलता येते. टायरमधली हवा, मागचा पंखा, स्प्रिंगा, ब्रेकचा वाटा, असे पंचवीस-तीस आकडे. भाच्याने काय केलं होतं, तर एका संध्याकाळी सगळेच फिरवून टाकले. गाडी आणखीनच बिघडली, आणि का बिघडली ते कळायला मार्ग नाही.

आमचे बाबा, म्हणजे त्याचे आजोबा, झोपाळ्यावर होते. त्यांनी तरुणपणी उलांडीची होडी शिडावर हाकलेली. होडी एका अंगाला झुकायला लागली की तळातले दगड इकडचे तिकडे करायचे. ते म्हणाले, “रे झिला, एकच धोंडो हलव आणि बघ. सगळे एकदम हलवलंस तर कित्याचो गुण इलो ता कसा कळतला?”

हे ऐकून मला जरा लाज वाटली, का ते सांगतो. पूर्वी माझ्या वर्गात तिसरीतला एक मुलगा वाचताना अडखळायचा. मी एका आठवड्यात त्याची जागा बदलली, पुस्तक बदललं, रागावणं बंद केलं आणि मधल्या सुट्टीत वेगळं शिकवलं. तो वाचायला लागला. पण कशामुळे? मला आजही माहीत नाही. पुढच्या वर्षी तसाच दुसरा मुलगा आला, तेव्हा मी पुन्हा कोराच!

असो. गोणपाट सुटलं. मी शाळेची एक जुनी वही दिली. नियम असा, की आधी गाडी कुठे फिरली ते लिहायचं, मग एकच आकडा बदलायचा आणि पाच फेऱ्या मारायच्या.

लिहायला लागल्यावर गंमत कळली. गाडी सगळीकडे फिरत नव्हतीच! एक जागा होती चौथं वळण. त्याआधी किलोमीटरभराचा सरळ रस्ता, मग जोरात ब्रेक. ब्रेक दाबला की गाडीचा भार पुढे येतो, तुम्ही एस.टी.त पुढच्या बाकावर आपटता ना, तसाच. मागची चाकं हलकी होतात. हलक्या चाकांना ब्रेकचा वाटा जास्त मिळाला की ती जाम होतात आणि गाडीची पाठ पुढे येऊ बघते. त्याने पुढच्या चाकांचा वाटा 54 टक्क्यांवरून 57 केला. पाच फेऱ्या, एकदाही भोवरा नाही!

दुसरी जागा तिसरं वळण, चढावरचं, अगदी घाटातल्यासारखं. तिथून बाहेर पडताना ॲक्सिलरेटर दिला की पाठ घसरे. यासाठी भाच्याने मागचा पंखा पूर्ण उभा केला होता. पण पंख्याला काम करायला जोराचा वारा लागतो. त्या वळणात गाडी हळू, मग पंखा काय करणार? उलट सरळ रस्त्यावर तो वेग खात होता. पंखा पहिल्यासारखा केला आणि मागचा अँटी-रोल बार दोन घरं मऊ केला. हा बार म्हणजे डाव्या-उजव्या चाकांना जोडणारी पिळाची सळई. ती फार ताठ असली की वळणात मागच्या बाहेरच्या एकट्या टायरवर फार भार पडतो आणि मागची पकड सुटते. मऊ केल्यावर पाठ शांत झाली, पण लांब वळणात गाडीचं तोंडच वळेना, नाकासमोर चालली! मग एक घर परत ताठ. एका टोकाला दिलं की दुसऱ्या टोकाचं जातं, होडीतही तसंच, असं बाबा म्हणाले.

तरीही अधूनमधून एखादा भोवरा व्हायचाच. वहीत जागा दर वेळी वेगळी. शनिवारी दुपारी मी खाली बसून फणसाचे गरे काढत होतो, म्हणून माझं लक्ष त्याच्या पायाकडे गेलं. वळणात घाबरला की तो ॲक्सिलरेटरवरचा पाय असा उचलायचा, जणू विंचू चावला! पाय झटकन उचलला की भार पुढे जातो आणि मागची चाकं पुन्हा हलकी होतात. आणि हे वळणाच्या ऐन मध्यावर!

मी सांगितलं तसा तो एकदम गप्प झाला.

“म्हणजे मीच चुकत होतो?”

“थोडी गाडी, थोडा तू,” मी म्हटलं. मला याहून बरं उत्तर सुचलं नाही. त्याने वहीत ‘पाय’ असं लिहिलं, खाली रेघ मारली आणि गरा तोंडात टाकून पुन्हा बसला.

रविवारी बारा गाड्या होत्या. भाचा सातवा आला. एकदा फिरला, शेवटून तिसऱ्या फेरीत, चौथ्या वळणावर. सोमवारी एस.टी.त बसताना त्याने वही मागून घेतली.

परवा त्याचा फोन आला. या रविवारी शर्यत पावसात आहे म्हणे. “मामा, ओल्या रस्त्यावर पाठ जास्तच हलत्या. आजोबांना फोन दे की. पहिला धोंडा कुठला हलवू?”