पालघर कुठं गेलं?

दर नोव्हेंबरात जगभरातली नकाशे करणारी माणसं महिनाभर रोज एक नवा नकाशा करून लोकांपुढे ठेवतात. ‘थर्टी डे मॅप चॅलेंज’ हे त्याचं नाव. फिनलंडच्या तोपी त्युकानोव या नकाशाकारानं २०१९ मध्ये त्याची सुरुवात केली. तीस दिवसांचे तीस विषय आधीच जाहीर होतात. सुरुवातीला बहुधा बिंदू, रेषा आणि बहुभुज. पुढे कधी षट्कोन, कधी नुसता एखादा रंग, तर कधी संगणक बंद ठेवून कागदावर हातानं काढायचा नकाशा. बक्षीस नाही, परीक्षक नाहीत, तीसही नकाशे केलेच पाहिजेत असा आग्रह नाही. पण एकाच विषयावर विद्यापीठातल्या पोरांनी काय केलं आणि वर्षानुवर्षं उपग्रहचित्रं वाचणाऱ्या जाणत्यांनी काय केलं, हे शेजारी-शेजारी दिसतं. मग चुरस आपोआप येते.

मी कनिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवते. टिंब पद्धत, क्षेत्रघनी पद्धत, समघनी पद्धत हे सगळं फळ्यावर कितीतरी तुकड्यांना शिकवून झालंय. पण हातात नुसते आकडे घेऊन, हद्दी शोधून, पहिल्यापासून नकाशा उभा करायची वेळ कधी आली नव्हती. आराखडा छापलेला मिळायचा, आम्ही तो भरायचो. माझा एक जुना विद्यार्थी पुण्यात जीआयएसच्या, म्हणजे संगणकावर नकाशे करणाऱ्या, कंपनीत काम करतो. तो भेटायला आला तेव्हा म्हणाला, “मॅडम, तुम्ही आमच्याकडून इतके नकाशे भरून घेतलेत. यंदा नोव्हेंबरात एक तुम्ही करा ना.” मी विषय निवडला बहुभुजांचा, आणि नकाशा ठरवला महाराष्ट्राच्या लोकसंख्येच्या घनतेचा. वर्गात हा नकाशा इतक्यांदा शिकवला होता की तो करणं अवघड असेल असं वाटलंच नाही.

क्यूजीआयएस हे सॉफ्टवेअर त्यानंच लॅपटॉपवर घालून दिलं. गॅरी शर्मन यांनी २००२ मध्ये सुरू केलेलं हे काम आता अनेक देशांतले लोक मिळून सांभाळतात आणि त्याला एक पैसाही पडत नाही. उघडलं तर समोर पांढरा पडदा आणि भोवती बटणांच्या रांगा. मुलांना मी सांगते, आधी चौकट आखा, शीर्षक लिहा, दिशा दाखवा, प्रमाण लिहा, सूची करा. इथं यातलं काहीच दिसेना. माउसचं चाक फिरवलं की प्रमाण बदलतं. चौकट आणि सूची अगदी शेवटी, वेगळ्या खिडकीत करायची असते. आणि त्याआधी एक प्रश्न सारखा समोर येतो: सीआरएस कोणता?

मी त्या विद्यार्थ्याला फोन लावला. “अरे, सीआरएस म्हणजे प्रक्षेपणच ना?”

“प्रक्षेपण, आणि पृथ्वीचा आकार नेमका कसा धरलाय तेही. तुमचा नकाशा घनतेचा आहे ना, मॅडम? मग क्षेत्रफळ राखणारं प्रक्षेपण घ्या. मोबाईलवरच्या नकाशांचं घेऊ नका.”

मोबाईलवरचे बहुतेक नकाशे मर्केटरच्या घराण्यातले. मर्केटरनं १५६९ मध्ये ते प्रक्षेपण खलाशांसाठी केलं, होकायंत्राची एक दिशा धरून जाणारी वाट त्यावर सरळ रेषेत यावी म्हणून. त्यात दिशा सांभाळली जाते, क्षेत्रफळ नाही. साठाव्या अक्षवृत्तावरचा प्रदेश चौपट दिसतो हे मी शिकवते. पण आपल्या एकोणिसाव्या अक्षवृत्तावरही तो साधारण १२ टक्के फुगतो, हे मी तोवर कधी मोजून पाहिलं नव्हतं. ग्रीनलंडचं उदाहरण दूरचं असतं, मुलं मान डोलावतात आणि विसरतात. हे उदाहरण घरचं होतं.

दुसरा पर्याय म्हणून यूटीएम पाहिलं. त्यात पृथ्वीचे सहा-सहा अंशांचे उभे पट्टे पाडलेले असतात. ४३ वा पट्टा ७२ ते ७८ अंश पूर्व, ४४ वा ७८ ते ८४. म्हणजे मुंबई, पुणे, नाशिक एका पट्ट्यात आणि नागपूर, चंद्रपूर, गडचिरोली दुसऱ्यात. महाराष्ट्रातून अशी एक रेषा जाते हे मला ठाऊकच नव्हतं. त्या रेषेच्या पूर्वेला हिंगणघाट दिसलं आणि मी थोडा वेळ तिथंच थांबले. ज्या विल्यम लॅम्बटन यांनी १८०२ मध्ये मद्रासला आधाररेषा मोजून भारताच्या महान त्रिकोणमितीय सर्वेक्षणाला आरंभ केला, ते १८२३ मध्ये हिंगणघाटला वारले. त्यांची कबर तिथेच आहे. आपल्या भूगोलाच्या सहली धरणांवर जातात, लेण्यांना जातात. हिंगणघाटला गेलेली सहल मी तरी ऐकलेली नाही, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं.

प्रक्षेपण शेवटी क्षेत्रफळ राखणारंच घेतलं. हद्दींची गोष्ट आणखी गंभीर निघाली. जगाचे नकाशे करणारे पुष्कळ लोक ‘नॅचरल अर्थ’ नावाचा मोफत साठा वापरतात. त्यात देशांच्या सीमा प्रत्यक्ष ताबा कोणाचा यावरून आखलेल्या असतात. भारतात मात्र भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशाशी न जुळणारी देशाची सीमा छापणं हा गुन्हा आहे. माझा नकाशा एका राज्याचा होता, पण कोपऱ्यात देशाचा छोटा नकाशा द्यायचा होता. त्यासाठी विभागाच्याच हद्दी घेतल्या. पाठ्यपुस्तकाच्या आतल्या पानावर यासंबंधी जी बारीक टीप असते ती आजवर माझ्या नजरेखालून नुसतीच गेली होती. आता ती मुलांना मोठ्यानं वाचायला लावते.

मग आला आकड्यांचा तक्ता. २०११ ची जनगणना एका बाजूला, जिल्ह्यांच्या आजच्या हद्दी दुसऱ्या बाजूला, आणि दोन्हींचा जॉईन करायचा. म्हणजे जिल्ह्याच्या नावावरून आकडा त्या त्या आकाराला जोडायचा. केला, तर नकाशाला भोकं पडली. बीड कोरं, गोंदिया कोरं, बुलढाणा कोरं, कारण जनगणनेच्या इंग्रजी तक्त्यात त्यांची स्पेलिंगं वेगळी. छत्रपती संभाजीनगर, धाराशिव आणि अहिल्यानगर कोरे, कारण नावं नंतर बदलली. ही सगळी हातानं जुळवता आली. पालघर मात्र कशानंच जुळेना.

कारण साधं होतं. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला झाला. जनगणनेच्या वेळी राज्यात ३५ जिल्हे होते, आज ३६ आहेत. तक्त्यात पालघर नव्हतंच.

मी पुन्हा त्याला फोन केला. “आता काय करायचं रे?”

“दोन वाटा आहेत. एक तर २०११ च्याच हद्दी वापरा आणि खाली तसं लिहा. नाहीतर तालुक्यांचे आकडे घ्या आणि बेरीज करा. तालुके अख्खेच्या अख्खे गेलेत.”

मी दुसरी वाट धरली. पालघर, वसई, डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, वाडा, विक्रमगड. आठ तालुक्यांची बेरीज २९ लाख ९० हजारांवर आली. उरलेल्या ठाण्यात सुमारे ८० लाख ७० हजार. जुन्या अखंड ठाण्याची घनता चौरस किलोमीटरला १,१५७. जिल्हा तोडला की नव्या ठाण्याची होते सुमारे १,९१५ आणि पालघरची सुमारे ५६०. मोजणी तीच, माणसं त्याच घरात, आणि मध्ये एक रेषा ओढल्याबरोबर दोन निराळे प्रदेश दिसू लागले. शिवाय पालघरचा ५६० हा आकडाही वसई-विरारची दाटी आणि मोखाड्याचे विरळ पाडे एकत्र घोटून आलेला. त्या जिल्ह्यात ५६० घनतेचा असा गाव शोधायला गेलं तर कोणता सापडेल कोण जाणे. क्षेत्रघनी, म्हणजे आकड्यांप्रमाणे प्रदेशांना छटा देण्याच्या, पद्धतीचे दोष म्हणून ‘जिल्ह्यांतर्गत फरक दिसत नाहीत’ हे वाक्य मी दरवर्षी लिहून देते, त्याला परीक्षेत एक गुणही असतो. त्या वाक्यात काय काय दबलेलं असतं ते त्या रात्री समजलं.

आता रंग. मी पाच गट केले, समान अंतराचे, कारण तेच सोपं आणि तेच न्याय्य वाटतं. सर्वांत कमी घनता गडचिरोलीची, ७४. सर्वांत जास्त मुंबई उपनगरची, २०,९८०. मधल्या अंतराचे पाच सारखे भाग केले तर प्रत्येक गट चार हजारांहून मोठा होतो. मग काय होणार? मुंबईचे दोन जिल्हे सर्वांत गडद, बाकीचे चौतीसच्या चौतीस एकाच फिकट रंगात, आणि मधले तीन रंग सूचीत असूनही नकाशावर कुठेच नाहीत. ठाणे आणि गडचिरोली एका रंगाचे! हिशेबात कुठं काही चुकलेलं नव्हतं आणि तरीही नकाशा महाराष्ट्राबद्दल काहीच सांगत नव्हता.

मग प्रत्येक गटात साधारण सारखे जिल्हे येतील अशी विभागणी केली. नकाशा एकदम देखणा झाला, पाचही रंग छान पसरले. पण आता सर्वांत गडद गटात मुंबई उपनगराच्या रांगेत नागपूर जिल्हा येऊन बसला, ज्याची घनता ४७०. हाही नकाशा हिशेबानं बरोबरच. एका नकाशात मुंबई सगळ्यांना गिळून टाकते, दुसऱ्यात मुंबईचं वेगळेपणच नाहीसं होतं. मी दोन्ही शेजारी-शेजारी ठेवून बसले. पाठ्यपुस्तकात छापलेल्या प्रत्येक क्षेत्रघनी नकाशामागे कुणीतरी असं बसलं असेल, त्यानं कुठल्या तरी आकड्यावर रेघ मारली असेल, आणि ती रेघ का मारली हे आपण मुलांना कधी विचारूही दिलेलं नाही. हे मला फार लागलं. आपण त्यांना रंग भरायला देतो, गट पाडायला देत नाही. खरा भूगोल तर गट पाडण्यात आहे.

अखेर मी गटांच्या सीमा स्वतः ठरवल्या. राज्याची सरासरी ३६५ ही एक सीमा धरली, म्हणजे सरासरीच्या वर कोण आणि खाली कोण हे नजरेनंच कळेल. मुंबईचे दोन्ही जिल्हे बाजूला मोठ्या प्रमाणाच्या वेगळ्या चौकटीत काढून त्यांचे आकडेच लिहिले. रंग सिंथिया ब्रूअर यांच्या ‘कलरब्रूअर’मधून घेतले. रंगांधळ्या माणसालाही छटांचा क्रम कळावा अशा रंगमाळा त्यात वेगळ्या काढता येतात. लाल आणि हिरवा एकत्र वापरायची आपल्याकडची सवय किती मुलांना आजवर अडली असेल!

उरली अक्षरं, आणि तिथं मला मदत करायला फारसं कुणी नव्हतं. नकाशातल्या अक्षरांचे रिवाज रोमन लिपीवर घडलेत. देशांची नावं मोठ्या अक्षरांत, नद्यांची तिरप्या अक्षरांत, आणि एखादा प्रदेश लांबलचक असेल तर अक्षरं दूर दूर पसरून लिहायची. देवनागरीत मोठी-छोटी अक्षरं नाहीत. तिरपं केलेलं अक्षर कललेल्या घरासारखं दिसतं. आणि ‘कोकण’ हा शब्द किनाऱ्याच्या लांबीभर पसरायला गेलं की शिरोरेषा तुटते, तीन सुटी अक्षरं तीन गावांसारखी उभी राहतात. नावाभोवती पांढरी कड दिली तर बारीक अक्षरातला अनुस्वार नि रफार त्यात बुडतात. वर वेलांटी आणि खाली उकार असल्यानं दोन ओळींत अंतरही जास्त लागतं. म्हणून मी सगळं वजनावर आणि रंगावर नेलं. मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेचा ‘मुक्त’ हा टंक घेतला, त्यात बारीकपासून ठळकपर्यंत बरीच वजनं आहेत. जिल्ह्यांची नावं मध्यम, विभागांची मोठी पण अगदी फिकट राखाडी, नद्यांची निळी आणि सरळ. मराठीत नकाशे करणाऱ्यांनी एकत्र बसून हे रिवाज ठरवायला हवेत. ते कुणीतरी परभाषेतून आणून देईल अशी वाट पाहू नये.

नकाशा वेळेत पूर्ण झाला, ठरलेल्या दिवशी लोकांपुढे गेला. एका अनोळखी माणसानं लिहिलं की मुंबईची चौकट पाहून नकाशा कळला. कुणी विचारलं, जमीन मोजताना जंगल वजा का केलं नाही? गडचिरोलीसाठी तो प्रश्न रास्त आहे. बहुतांश वनाखालच्या जिल्ह्यात माणसं राहतात ती उरलेल्या जमिनीवर. तसा नकाशा करायचाय, पुढच्या नोव्हेंबरात.

दरम्यान अकरावीच्या वर्गात मी तयार नकाशा दाखवला नाही. ३६ जिल्ह्यांचे आकडे फळ्यावर लिहिले, कोरे आराखडे वाटले आणि म्हटलं, गट तुम्ही पाडा. मागच्या बाकांवरून सरासरीला विरोध झाला. त्यांचं म्हणणं, मुंबईचे दोन जिल्हे वगळून सरासरी काढा, मग आपला जिल्हा कुठं येतो ते बघू. दोन मुलींनी पालघर आणि ठाणे जोडूनच रंगवायचं ठरवलं आणि सूचीखाली ‘२०११ च्या हद्दींप्रमाणे’ असं लिहिलं. एकानं विचारलं, “मॅडम, परीक्षेत असा काढला तर मार्क मिळतील का?” मी म्हटलं, गट का पाडले ते खाली दोन ओळींत लिही, मी देईन. आता त्यांनी ओपनस्ट्रीटमॅप या सगळ्यांनी मिळून भरायच्या नकाशावर आपल्या तालुक्यातल्या वाड्यांची नावं तपासायला घेतली आहेत. तिथं प्रत्येक जागेला मराठी नावासाठी वेगळा रकाना असतो, आमच्याकडच्या बऱ्याच वाड्यांपुढे तो रिकामा आहे. भरताना पहिला वाद झाला तो एका वाडीचं नाव ग्रामपंचायतीच्या पाटीवरचं धरायचं की तिथली माणसं म्हणतात ते. अजून मिटलेला नाही.